रॅम म्हणजे ओटा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, एकशे ब्याण्णव पानांची, पाठीला तांबडे कापड चिकटवलेली. माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. आहेत ते नुसते शब्द. प्रत्येक शब्दापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे 'म्हणजे काय' याचे उत्तर. ही उत्तरे दोघांनी लिहिली आणि तिसऱ्या एका बाईंनी अंथरुणावर पडल्या पडल्या ती तपासली. तिघांचीही मला फार आठवण येते. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

माझा जन्म वह्या बांधणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने माझी पाने दोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावली आणि दोन दिवस मला लाकडी दाबाखाली ठेवले. तिथून मी एका मोठ्या कचेरीत आले. भांडारपालाने माझ्या पहिल्या पानावर गोल शिक्का मारला आणि मला कार्बन पेपरच्या खोक्याशेजारी ठेवून दिले. तिथे मी तीन वर्षे कोरीच पडून होते. शेजारच्या वह्या एकेक करून कामाला लागल्या, माझा नंबर काही लागेना.

एके सकाळी कचेरीत गडबड उडाली. दोन माणसे टंकलेखन यंत्रे उचलून जिन्याने खाली नेत होती आणि दुसरी दोन माणसे मोठमोठी खोकी वर आणत होती. तेवढ्यात भांडाराच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय एक्कावन्न, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. या कचेरीतल्या टंकलेखिका. सगळे त्यांना ताई म्हणत.

"एक वही हवी होती," ताई म्हणाल्या.

"आता वही कशाला, ताई? आता सगळं कॉम्प्युटरात लिहायचंय."

"तोच शिकायला हवीय."

भांडारपालाला हसू आले, पण त्याने हात घालून एक वही काढली. ती मी.

ताईंच्या टेबलावर सव्वीस वर्षे एक टंकलेखन यंत्र बसले होते. ते गेले तरी त्याच्या चार रबरी पायांचे वळ लाकडावर तसेच राहिले होते. ताईंनी फडक्याने ते पुसून पाहिले. वळ गेले नाहीत. मग त्यांनी मला त्या चार वळांच्या मधोमध ठेवले आणि दोन्ही हात माझ्यावर टेकवून हळूच मलाच विचारले, "जमेल का गं मला?"

त्यांच्या काळजीचे कारण मला दुसऱ्या दिवशी समजले. कचेरीत हुकूम निघाला होता. तीन महिने संगणकाचे प्रशिक्षण, मग परीक्षा. नापास होणाऱ्याची बदली जुन्या कागदपत्रांच्या गोदामात. ते गोदाम दुसऱ्या गावी होते, बसने चार तासांवर. इतरांना ही बदली गैरसोयीची होती. ताईंना ती जमणारच नव्हती. घरी त्यांच्या सासूबाई होत्या, मांडीचे हाड मोडून वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. ताईंचे यजमान कधीच वारले होते. दोन खोल्यांच्या त्या घरात या दोघीच एकमेकींना होत्या.

शिकवायला एक तरुण मॅडम येत. हुशार होत्या, पण बोलत अशा की जणू बाहेर रिक्षा थांबवून आल्या आहेत. "डेस्कटॉपवर जा, राइट क्लिक करा, नवं फोल्डर घ्या, नाव द्या, झालं?" समोरची चौदा माणसे मान हलवत. ताईंची मान हलत नसे.

"फोल्डर म्हणजे काय?" ताईंनी पहिल्याच दिवशी विचारले.

मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसले. मॅडम म्हणाल्या, "फोल्डर म्हणजे फोल्डर. त्यात फाइल्स राहतात."

ताईंनी माझे पहिले पान उघडले आणि लिहिले, 'फाइल – एक कागद किंवा एक बाड. फोल्डर – बाडे ठेवायचा कप्पा. कप्प्यात कप्पाही ठेवता येतो, हे लाकडी कपाटात जमत नाही.' माझ्यावर उमटलेली ही पहिली ओळ. तीन वर्षे कोऱ्या राहिलेल्या वहीला त्या वेळी काय वाटले असेल, ते मला नीटसे सांगता येणार नाही.

मग रोज शब्द येत गेले. माउस सरकवता सरकवता टेबलाच्या कडेला पोहोचला की ताई शेजाऱ्याला म्हणत, "जरा कप बाजूला घेता का?" असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मॅडमनी माउस उचलून परत मध्ये ठेवून दाखवला. ताईंनी लिहिले, 'माउस – टेबल संपले तरी बाण थांबत नाही. माउस उचलायचा, मध्ये ठेवायचा, पुढे चालू.' पडद्यावर लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेला कर्सर म्हणतात हे कळल्यावर त्यांनी लिहिले, 'आपण कुठे आहोत ते हा सांगतो. लिहिण्याआधी याला शोधावे.' टंकलेखन यंत्राच्या सवयीने त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटरची कळ दाबत. मग एखादा शब्द बदलला की अख्खा मजकूर विस्कटे. त्या पानावर त्यांनी स्वतःलाच तंबी दिली आहे, 'ओळ आपोआप मोडते. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. हात आवरा.'

संध्याकाळी ताई घरी आल्या की सासूबाईंचे अंथरूण नीट करत, त्यांना उशीला टेकवून बसवत आणि माझे पान काढून मोठ्याने वाचत. सासूबाईंनी उभा जन्म शिलाईयंत्रावर काढला होता. त्यांना शाळा फारशी मिळाली नव्हती, पण कात्रीइतकीच जीभही धारदार होती. त्यांनी एक नियम घालून दिला. त्यांना कळले तर उत्तर वहीत राहणार, नाहीतर खोडून नवे.

"हार्डवेअर म्हणजे यंत्रणेचे भौतिक घटक," ताईंनी वाचले.

"हे तुझं तुला तरी कळलंय का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? साधं सांग."

ताईंनी खूप प्रयत्न केला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, म्हणजे शिलाईयंत्र वेगळं आणि शिवण येणं वेगळं. यंत्र हाताला लागतं. शिवण कुठे हाताला लागते?" ताईंनी आधीचे वाक्य खोडले आणि लिहिले, 'हार्डवेअर – यंत्र. सॉफ्टवेअर – त्याला येणारी शिवण.' मॅडमना ते दुसऱ्या दिवशी दाखवायचे ताईंना धाडस झाले नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमला सासूबाईंनी सगळ्यात कमी वेळ घेतला. ती सगळ्यांच्या आधी सुरू होते, बाकीच्यांना जागा करून देते, कोणाला काय हवे ते बघते आणि ती बिघडली की कोणाचेच काम होत नाही, एवढे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "थोरली जाऊ." ताई इतक्या हसल्या की माझ्यावर पेनाची रेघ उमटली. ती अजून आहे.

दुसऱ्या महिन्यात मात्र हसू पळाले. मोठ्या साहेबांनी तपासणीचा चौदा पानी अहवाल टंकायला दिला होता. ताईंनी सकाळपासून खाली मान घालून तो टंकला. तेराव्या पानावर असताना वीज गेली. वीज आली, संगणक सुरू झाला आणि पडदा कोरा. ताईंनी मॅडमना बोलावले.

"सेव्ह केलं होतं का?"

"म्हणजे?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "ते पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं मी."

ते माझ्या पाचव्या पानावर होते, पण ताईंनी तिथे चुकीचे लिहिले होते, 'सेव्ह – काम झाले की संगणक ठेवून देतो.' ठेवून द्यायला आपण सांगावे लागते, हे त्यांना उमगले नव्हते. साहेब ओरडले नाहीत. "असं कसं झालं, ताई?" एवढेच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागले.

त्या संध्याकाळी ताईंनी मला पिशवीतून काढलेच नाही. सासूबाई वाट बघून म्हणाल्या, "आज शब्द नाहीत?"

"शब्द आहेत. नोकरी राहील की नाही माहीत नाही."

मग सगळे बाहेर आले. सासूबाईंनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतले. नंतर एकेक प्रश्न विचारत गेल्या. टंकत असताना मजकूर कुठे असतो? रॅममध्ये. वीज गेली की रॅमचे काय होते? रिकामी. मग टिकतं कुठे? हार्ड डिस्कवर.

"म्हणजे ओटा आणि कपाट," सासूबाई म्हणाल्या. "काम चालू असेतो सगळं ओट्यावर मांडलेलं. हाताशी असतं म्हणून भराभर होतं. पण डब्यात भरून कपाटात ठेवल्याशिवाय ओटा सोडलास, तर मांजर तोंड घालणारच. तुझं आज मांजर आलं. एवढंच."

ताईंनी मला पिशवीतून काढले. पाचव्या पानावरची चूक लाल शाईने खोडली आणि पान भरून लिहिले, 'रॅम – ओटा. हार्ड डिस्क – कपाट. सेव्ह – डब्यात भरून कपाटात ठेवणे. वीज – मांजर. दर दहा मिनिटांनी सेव्ह.' दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल पुन्हा टंकला आणि प्रत्येक पानाच्या शेवटी सेव्ह केला. साहेबांना तो संध्याकाळच्या आत मिळाला.

आता तुम्हाला टपालकाकांबद्दल सांगते. ते आवक-जावक शाखेतले कारकून. कचेरीत येणारे प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत चढवायचे, जाणारे प्रत्येक पत्र जावक नोंदवहीत, हे काम ते एकतीस वर्षे करत होते. एकही पत्र हरवले नाही असे त्यांचे नाव होते. निवृत्तीला एकवीस महिने उरलेले. वर्गात ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसत. पहिल्या दिवशी खुसखुसले होते ते हेच.

"काय ताई, शब्दकोश कुठवर आला?" असे ते येता-जाता विचारत. ताई मनावर घेत नसत. मला मात्र राग यायचा.

परीक्षा मंगळवारी होती. आदल्या शुक्रवारी ताई साहेबांकडे कागद द्यायला गेल्या आणि टेबलावरून कोणीतरी मला उचलले. कापडी पिशवीत, जुन्या लिफाफ्यांच्या गठ्ठ्यात माझी रवानगी झाली. मी टपालकाकांच्या घरी जात होते.

मागे काय झाले ते मला नंतर ताई आणि सासूबाईंच्या बोलण्यातून कळले. त्यांनी टेबल, कपाट, कचऱ्याची टोपली, सगळे धुंडाळले होते आणि घरी येऊन भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "वही गेली. डोकं कुठे गेलंय? मी विचारते, तू सांग." ताईंनी एकामागून एक सगळी उत्तरे सांगितली. गाडी अडली ती शेवटच्या भागाशी. इंटरनेटशी. तो भाग मॅडमनी दोन दिवसांत उरकला होता आणि तिथे ताईंनी नुसते शब्द लिहून पुढे जागा सोडली होती. इंटरनेट, रेघ, मोकळी जागा. सर्व्हर, रेघ, मोकळी जागा. अशी अकरा पाने.

टपालकाका एकटेच राहत. एक खोली, एक खाट, खिडकीत रेडिओ. शनिवारी सकाळी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. मला वाटले, आता हे हसणार. ते हसले नाहीत. माउसच्या पानावर त्यांनी काड्यापेटी हातात धरली आणि ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून, उचलून, पुन्हा मध्ये ठेवून पाहिली. तेव्हा मला कळले, मित्रांनो. या माणसाने तीन महिन्यांत माउसला हातच लावला नव्हता. सगळ्यांसमोर चुकायची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती झाकायला ते दुसऱ्यांना हसत होते.

रविवारी दुपारी ते त्या अकरा पानांशी आले. मोकळ्या जागा बघून थबकले. मॅडमनी वाटलेला छापील कागद त्यांनी खिशातून काढला, चार वेळा वाचला, आणि पहिल्यांदाच गालातल्या गालात हसले. "अरे, हे तर टपाल आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी पेन उघडले. त्यांचे अक्षर ताईंपेक्षा बारीक, उजवीकडे कललेले. त्यांनी लिहिले, 'डाउनलोड – आवक. अपलोड – जावक.' पुढे पेन थांबेचना. सर्व्हर म्हणजे कधीच बंद न होणारी टपालखिडकी, जो येईल त्याने मागावे आणि घेऊन जावे. ब्राउझर म्हणजे आपल्या वतीने त्या खिडकीशी जाऊन कागद आणून दाखवणारा शिपाई. आयपी पत्ता म्हणजे घराचा क्रमांक. डोमेन म्हणजे दारावरची पाटी, कारण क्रमांक यंत्राच्या लक्षात राहतो, माणसाच्या नाही. ईमेलमधल्या सीसीपुढे त्यांनी 'प्रत माहितीसाठी' असे लिहिले, बीसीसीपुढे 'गुपचूप पाठवलेली प्रत, जपून वापरावी', आणि अटॅचमेंटपुढे 'सोबत: जोडपत्र. जोडायला विसरू नये, सगळे विसरतात.'

सगळ्यात मोठे उत्तर त्यांनी पॅकेट या शब्दाला लिहिले. मोठे बाड एका पिशवीत मावत नाही. म्हणून त्याचे तुकडे करायचे, प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता घालायचा आणि वाट मिळेल तसे पाठवायचे. पलीकडे ते क्रमाने लावून घेतात. एखादा तुकडा आला नाही तर तेवढाच परत मागवतात. खाली त्यांनी अधोरेखित केले, 'हीच पद्धत मी चौदा साली सुचवली असती, पण मला कोणी विचारले नाही.' चौदा साली म्हणजे त्यांच्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी. ते वर्षे नेहमी नोकरीचीच मोजत.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी कचेरीत आले, मला जागेवर ठेवून निघून जायला. पण ताई त्यांच्याही आधी येऊन बसल्या होत्या.

"तुम्ही नेलीत?"

टपालकाकांनी मला पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"मागायची होती ना, काका. मी नाही म्हटलं असतं का?"

"मागितली असती तर का मागतोय ते सांगावं लागलं असतं, ताई. इतक्या वर्षांनी या लोकांसमोर म्हणायचं, मला माउस धरता येत नाही?"

ताई रागाने काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांनी मला उघडले. त्या उभ्याउभ्या वाचत राहिल्या. पॅकेटपाशी आल्यावर खाली बसल्या. सगळे वाचून झाल्यावर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "माउस धरा. अजून कोणी आलेलं नाही."

त्या सकाळी आणि दुपारच्या सुटीत ताईंनी त्यांना शिकवले. डबल क्लिक काही केल्या जमेना. एक टिचकी मारून ते क्षणभर थांबत आणि मग दुसरी मारत. ताई म्हणाल्या, "काका, एकच पाहुणा दार वाजवतोय. टकटक. तुम्ही दोन पाहुणे वेगवेगळ्या दिवशी पाठवताय." ते हसले आणि फोल्डर उघडले.

मंगळवारी परीक्षा झाली. निकाल आठवड्याने लागला. ताई चांगल्या गुणांनी पास झाल्या. टपालकाकांना इंटरनेटच्या भागात सगळ्या कचेरीत जास्त गुण होते. पण टंकनाच्या वेगात ते चार गुणांनी गेले.

ताई मला हातात घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मला अजून आठवते, त्यांचा अंगठा माझ्या पुठ्ठ्यावर घट्ट रुतला होता. "हे बघा, साहेब. ही अकरा पानं त्यांनी लिहिलीत. ती वाचून मी पास झाले. माझे निम्मे गुण त्यांचे आहेत." मॅडमही तिथे होत्या. त्यांनी मला मागून घेतले आणि पाने उलटू लागल्या. साहेबांनीही पाहिले. मग म्हणाले, "त्यांना समजलंय हे दिसतंय. पण नियमात वेग लिहिलाय, समज लिहिलेली नाही. माझ्या हातात काही नाही."

टपालकाका पुढच्या आठवड्यात गोदामाच्या गावी गेले. एक ट्रंक, एक रेडिओ. निरोपाला कोणी फारसे थांबले नाही. ताई बसपर्यंत गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने, एका दुपारी, ताईंच्या संगणकावर त्यांच्या नावाचा पहिला ईमेल आला. गोदामातही एक संगणक होता, कापडी झाकणाखाली. तो टपालकाकांनी उघडला होता. ताईंनी तो ईमेल छापून माझ्यात चिकटवला, म्हणून तो मला पाठ आहे.

'विषय: पोच. येथे सुखरूप पोहोचलो. टंकायला चाळीस मिनिटे लागली. सोबत काही जोडलेले नाही. मिळाल्याचे कळवावे.'

ताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला आणि लिहिले, 'मिळाले.'

मग दर सोमवारी ईमेल येऊ लागला. त्यात एखादा नवा शब्द असे. स्पॅम म्हणजे न मागता येणारी जाहिरातींची पत्रके, न उघडता टोपलीत टाकावी. व्हायरस म्हणजे पाकिटातून आलेला असा पाहुणा, जो आपल्याच घरात बसून आपल्या नावाने इतरांना पाकिटे पाठवतो. पासवर्डबद्दल ताईंनी विचारले, "किल्ली म्हणू का?" त्यांचे उत्तर आले, 'नको. किल्ली चोरीला गेली तर खुंटी रिकामी दिसते. पासवर्ड चोरीला गेला तरी तो आपल्याकडे असतोच, म्हणून कळत नाही. तेव्हा जास्त जपावे.' ताई ते सासूबाईंना वाचून दाखवत. सासूबाई म्हणत, "हा माणूस शिवणात गेला असता तर नाव काढलं असतं."

त्या वर्षीच्या थंडीत सासूबाई गेल्या. पुढचे बरेच दिवस माझ्यावर काही लिहिले गेले नाही. नंतर ताईंनी एकदा नवा शब्द लिहिला, रेघ मारली, आणि रेघेपुढची जागा तशीच सोडली. तपासणार कोण, हा प्रश्न होता.

एका सोमवारी ताईंनी पाठवलेला ईमेल परत आला. पत्ता अस्तित्वात नाही, असा निरोप घेऊन. त्यांनी पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. मग हिशेब केला तेव्हा लक्षात आले. एकवीस महिने भरले होते. टपालकाका निवृत्त झाले होते आणि कचेरीने त्यांचा ईमेलचा पत्ता बंद केला होता. त्या रविवारी ताईंनी मला पिशवीत घातले आणि बस पकडली.

टपालकाका त्याच गावात, गोदामामागच्या गल्लीत राहत होते. ताईंना दारात बघून त्यांनी आधी खुर्ची पुसून पुढे केली. मग स्टो पेटवला आणि चहा टाकला. चहा निवेपर्यंत त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले.

"माझ्या जागेवर आता टपाल कोण बघतं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही, काका. आता आपोआप येतं."

"आपोआप काही येत नसतं, ताई. कुठेतरी कोणीतरी गावागणिक पत्रं वेगळी छाटत बसलेलं असतं. दिसत नाही, एवढंच."

राउटर या शब्दापुढची जागा इतके दिवस रिकामी होती. प्रत्येक पाकीट कुठल्या वाटेला लावायचे ते ठरवणारे यंत्र, एवढे दोघांनाही माहीत होते, पण मनासारखे उत्तर सापडले नव्हते. ताईंनी मला त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी तिथे लिहिले, 'टपाल छाटणारा.' माझ्यातले त्यांच्या हातचे हे शेवटचे अक्षर.

पुढे माझे दिवस बदलले. शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्या झेरॉक्स काढल्या. नव्या तुकडीला त्या पहिल्याच दिवशी 'ओटा आणि कपाट' सांगू लागल्या, आणि आता त्यांची रिक्षा बाहेर थांबलेली नसे. दुसऱ्या कचेऱ्यांतून माणसे मला मागून नेत. माझे कोपरे दुमडले, शिवण सैल झाली, पण मी खुशीत होते. ताई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला घरी नेले नाही. "हिला इथे काम आहे," असे म्हणून कपाटात ठेवून गेल्या. त्यांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. वहीला पत्र येत नाही.

मग हळूहळू मला कोणी मागेना. कचेरीत येणाऱ्या मुलांना हे सगळे लहानपणापासूनच येत होते. माझ्यातली फ्लॉपीची आणि डायल-अपची पाने तर हसण्यावारी गेली. एकदा छपाईयंत्राचा पाय डुगडुगत होता म्हणून मला त्याखाली घातले. तिथे मी सहा वर्षे होते. ते यंत्र गेल्यावर मी रद्दीच्या ढिगात पडले.

त्या ढिगातून मला झाडलोट करणाऱ्या मावशींनी उचलले. मावशींची हजेरी आता मोबाइलवर लागते. त्यांना ती नीट लावता येत नव्हती. रोज कोणाला तरी विचारत आणि रोज कोणीतरी त्यांच्या हातातून मोबाइल घेई, दोन टिचक्या मारी आणि परत देई. "झालं, मावशी." काम होत असे. मावशींना काही कळत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची पाळी.

आता मावशी दुपारी डबा खाल्ल्यावर जिन्याखाली बसून मला वाचतात. शब्द लावत, ओठ हलवत. गेल्या आठवड्यात त्या लॉगिनच्या पानावर आल्या. 'आत जाण्याआधी आपण कोण ते सांगणे,' असे ताईंचे उत्तर आहे. मावशींनी ते दोनदा वाचले, मोबाइल काढला आणि स्वतःच्या बोटाने स्वतःची हजेरी लावली. हजेरी लागल्याची हिरवी खूण आली. कोणाला बोलावले नाही, कोणाला दाखवली नाही. थोडा वेळ ती खूण बघत बसल्या, मग झाडू उचलून कामाला गेल्या.

तेव्हा मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. कागद जुना होतो, शब्दही जुने होतात, आणि क्लाउड आणि ओटीपी यांची उत्तरे माझ्यात नाहीतच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणीतरी मोबाइल घेऊन तुमच्यापाशी येईल. आई येईल, आजोबा येतील, कामाच्या मावशी येतील. तेव्हा तो त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. त्यांच्याच हातात राहू द्या, त्यांचेच बोट फिरू द्या आणि शेजारी बसून सांगा. कळले नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगा. पाच मिनिटे जास्त लागतील. तेवढी द्या.